जालियनवाला बागेत लोक असे का वागतात? बावीस वर्षं ग्रुप घेऊन फिरणाऱ्या टूर लीडरचं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न असा की मे महिन्यात अमृतसरला गेलात, जालियनवाला बागेत शहीदी विहिरीच्या काचेला टेकून एक जोडपं पोझ देत होतं, बाजूला कुणी चिप्स खात होतं, आणि तुमची नववीतली मुलगी म्हणाली, "आई, ही माणसं अशी कशी गं?" तुम्हाला काय उत्तर द्यावं सुचलं नाही. गाईड लोक अडवत का नाहीत आणि आपण बोलायला हवं होतं का, हे तुम्ही विचारलंय.

मी गेली २२ वर्षं मराठी ग्रुप घेऊन फिरतोय. अमृतसर, दिल्ली, अंदमान हे माझे नेहमीचे, मधे सात-आठ वर्षं युरोपही केलं. त्यामुळे स्मारकात माणूस कसा वागतो हे मी जितकं बघितलंय तितकं मूळ स्मारक पण नीट बघितलं नसेल, कारण माझी पाठ कायम स्मारकाकडे आणि तोंड माणसांकडे असतं, डोकी मोजायची असतात ना.

तर पहिलं सांगतो. ती माणसं वाईट नव्हती. हे मी सगळं सांभाळून घ्यायला म्हणून म्हणत नाहीये, माझ्याकडे पुरावा आहे, आणि तो तुमच्याही डोळ्यासमोर होता. तुम्ही बागेत जायच्या आधी कुठे होतात? दरबार साहिबला, म्हणजे सुवर्णमंदिरात. शंभरातले नव्वद लोक तिथूनच चालत येतात, पाच-सात मिनिटांचा रस्ता. आता आठवून बघा, तिथे हेच लोक कसे होते. जोडा घरात चपला दिल्या, टोकन घेतलं, डोक्याला रुमाल बांधला, दारात वाहत्या पाण्यातून पाय धुवत आत गेले, पायऱ्या उतरताना आपोआप मान खाली गेली. परिक्रमेत कुणी मोठ्याने हसत नाही, पाय सरोवरात सोडून बसत नाही, बसलाच तर सेवादार येऊन शांतपणे उठवतो. मी माझ्या ग्रुपमधले अत्यंत वात्रट, बसमध्ये मागच्या सीटवर बसून रात्रभर अंताक्षरी खेळणारे लोक तिथे तासभर गप्प बसलेले बघितलेत. आणि तेच लोक, तीच माणसं, तेच कपडे, दहा मिनिटांनी बागेत शिरले की कुल्फी, चिप्स, "ए इकडे बघ, चष्मा काढ, हां."

दहा मिनिटांत संस्कार गळून पडत नाहीत हो. बदलते ती जागा. दरबार साहिब तुमच्या शरीराकडून चार गोष्टी करून घेतं, आणि त्या केल्या की मन मागून येतं. बागेच्या दारात तुमच्याकडून काहीच मागितलं जात नाही. मी २२ वर्षांत जे शिकलोय ते एवढंच आहे, बाकी सगळा त्याचा विस्तार.

आता बागेचंच बघू. नावातच घोळ आहे. १९१९ साली ती बाग नव्हतीच, मोकळं उंचसखल मैदान होतं, चारी बाजूंनी घरांच्या भिंती, थोडी झाडं, एक समाधी आणि ती विहीर. जल्ला नावाच्या गावच्या कुटुंबाची जुनी मालकी म्हणून जालियनवाला. स्मारक करताना तिथे हिरवळ केली, फुलझाडं लावली, छाटलेली झुडपं, कडेने फरसबंद वाटा, आणि मधे ज्योतीच्या आकाराचा स्तंभ, जो १३ एप्रिल १९६१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते खुला झाला. म्हणजे नाव बाग, दिसते बाग, मग माणूस बागेत वागतो तसा वागणार. डब्यातले पराठे काढून हिरवळीवर बसलेली कुटुंबं मी कितीतरी बघितलीत, आजी पाय पसरून, नातू लोळतोय. त्यांना विचारलं तर म्हणतील सकाळपासून चालतोय भाऊ, सावली दिसली, बसलो. खोटं आहे का ते?

ती आत जायची अरुंद बोळ आठवते ना? सगळ्यात बोलकी जागा ती. डायर तिथूनच आत आला, ५० बंदुकवाले सैनिक घेऊन, शिवाय ४० जणांकडे नुसत्या खुकऱ्या. बरोबर मशीनगन लावलेल्या दोन चिलखती गाड्या आणलेल्या, त्या ह्या बोळातून आत शिरल्या नाहीत म्हणून बाहेर राहिल्या. पुढे हंटर कमिटीसमोर, म्हणजे सरकारने नेमलेल्या चौकशी समितीसमोर, त्याला सर चिमणलाल सेटलवाडांनी, आपल्या मुंबईचे वकील आणि तेव्हाचे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू, सरळ विचारलं की गाड्या आत जाऊ शकल्या असत्या तर मशीनगन चालवली असती का, आणि तो म्हणाला बहुतेक हो. हे माहीत असेल तर त्या बोळीत माणसाचे खांदे आपोआप आखडतात. आधी तिथे नुसत्या जुन्या विटांच्या भिंती होत्या. मग दीडेक वर्ष काम चालून २०२१ च्या ऑगस्टमध्ये नवीन रूप आलं, त्यात बोळीच्या दोन्ही भिंतींवर सभेला निघालेल्या माणसांची उठावातली शिल्पं केली, बायका, पोरं, म्हातारे, पगडीवाले. करणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, त्या लोकांना चेहरे द्यायचे असतील. पण झालं काय, माणूस समोर माणसाचा पुतळा दिसला की त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतो, हे जगात सगळीकडे होतं. पूर्वी बोळीत लोक चालायचे, आता थांबतात, आणि थांबतात ते फोटोसाठी, मागे शंभर माणसांचा खोळंबा. त्यावेळी इतिहासकारांनी ह्या बदलांवर बरीच टीका केलेली, मी काही इतिहासकार नाही, मी फक्त सांगतो की माझ्या ग्रुपची वागणूक त्या बोळीत बदललेली मी बघितली, माणसं तीच होती.

विहिरीचं पण तसंच. तिथल्या फलकावर लिहिलंय की विहिरीतून १२० मृतदेह काढले. आधी विहिरीभोवती जुनं बांधकाम आणि जाळी होती, वाकून बघावं लागायचं, आता काच. काच म्हटली की प्रतिबिंब आणि सेल्फी.

आणि लोक तिथे पैसे टाकतात, नाणी, नोटा सुद्धा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझं टाळकं सटकलेलं, म्हटलं हे काय मुंबईचं कुठलं मॉल आहे का कारंजं असलेलं. नंतर एका ट्रिपला माझ्याच ग्रुपमधल्या नांदेडकडच्या एका आजींनी दहाचं नाणं टाकलं, हात जोडले, डोळे पुसले. विचारलं तर म्हणाल्या, "अरे गोदावरीचा पूल आला की टाकतोच ना आपण गाडीतून. हितं तर माणसं हायती खाली." तेव्हापासून मी नाणं टाकणाऱ्याला काही बोलत नाही. आपल्या माणसाला श्रद्धांजली म्हणजे दोन मिनिटं स्तब्ध उभं राहणं हे शाळेत शिकवलेलं आहे, घरचं नाही. घरचं काय तर हात लावणं, पाया पडणं, काहीतरी वाहणं, मोठ्याने नाव घेणं. बागेत एखादा ग्रुप "भारतमाता की जय" ओरडतो तेव्हा माझ्यातला पुणेकर कुठेतरी आक्रसतो, खरंय, पण तो अनादर नाही. ते त्यांचं हात जोडणं आहे.

आता अनादर म्हणजे काय मग? माझ्या लेखी सेल्फी हा फार खालचा गुन्हा आहे. त्याच्या वर कितीतरी गोष्टी आहेत. गोळ्यांच्या खुणा आहेत ना भिंतीवर, पांढऱ्या चौकटी केलेल्या, त्यात बोट घालून उकरणारे लोक बघितलेत मी, विटेचा चुरा पडतो हो. किंवा किल्ल्यांवर, लेण्यांत नावं कोरणारे. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी कायद्यात तरतूद आहे, तरी बदाम आणि बाण थांबलेले नाहीत. फोटो पुसता येतो, कोरलेलं नाही. आणि अजून वरचा गुन्हा म्हणजे माझ्या धंद्याचा, तो सांगतोच.

सुरुवातीची काही वर्षं मी एका कंपनीसाठी टूर करायचो, नाव नको. त्यांच्या छापील कार्यक्रमात अमृतसरचा दिवस असा: सकाळी सुवर्णमंदिर, मग जालियनवाला बाग, मग जेवण, शॉपिंग, तीनला बस अटारीकडे. वाघा-अटारी सीमेवरच्या परेडला बसायची जागा मिळवायची तर वेळेत पोचावंच लागतं, ते काही हलत नाही, शॉपिंग हलत नाही कारण दुकानाशी बोलणं झालेलं असतं, मग कात्री कुणाला? बागेला. वीस मिनिटं. पंचेचाळीस माणसं, त्यात पंधरा सिनियर सिटिझन, दहा मिनिटं तर बोळीतून आत जायला आणि बाथरूम शोधायला. उरलेल्या दहा मिनिटांत माणसाने काय करावं अशी अपेक्षा आहे? ज्या दहा मिनिटांत डायरने १६५० गोळ्या झाडल्या तेवढाच वेळ आम्ही लोकांना द्यायचो, हे मला एकदा रात्री हॉटेलवर लक्षात आलं आणि झोप लागली नाही. वीस मिनिटांत माणूस एकच गोष्ट करू शकतो, फोटो. घरी जाऊन बघू सावकाश म्हणून काढतो तो फोटो, आणि आपण त्याला नावं ठेवतो.

वर तो भुकेला असतो. हसू नका, हे फार महत्त्वाचं आहे. सकाळी सहाला उठवलेला, साडेबारा वाजलेत, ऊन, बाहेर कुलच्यांचा वास. भुकेल्या माणसाला १९१९ दिसत नाही.

तुम्ही विचारलंत गाईड का अडवत नाहीत. मी अडवायचो. पहिली पाच-सहा वर्षं मी हेडमास्तर होतो, शूऽऽ करत फिरायचो. एकदा दुसऱ्या कुठल्यातरी ग्रुपमधला मुलगा, अठरा-एकोणीसचा, स्तंभाच्या पुढे नाचत होता, त्याचा व्हिडिओ करत होता. मी गेलो आणि चढ्या आवाजात बोललो. त्याचे मित्र आले, माझे दोन काका मदतीला आले, त्यातले एक निवृत्त पोलीस, झालं, शिवीगाळ, धक्काबुक्की, तिथला गार्ड धावत आला. आणि मी वळून बघितलं तर माझा सगळा ग्रुप मोबाईल वर धरून आमच्या भांडणाचं शूटिंग करत होता. त्या दिवशी जालियनवाला बागेत सगळ्यात वाईट कोण वागलं? मी. रात्री जेवताना अख्ख्या ग्रुपमध्ये चर्चा एकच, "काय ऐकवलं साहेबांनी त्याला", बागेबद्दल एक शब्द नाही.

त्यानंतर मी पद्धत बदलली. हळूहळू, चुकत-माकत. पहिली गोष्ट, जे सांगायचं ते आत शिरायच्या आधी, आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या लॉबीत किंवा बसमध्ये सांगतो, आणि आकडे कमी सांगतो. सरकारी आकडा ३७९ मृत, काँग्रेसच्या चौकशीने हजाराच्या घरात धरले, हे सांगतो पण त्यावर थांबत नाही. थांबतो रतनदेवींवर. बागेच्या जवळ राहणारी बाई, गोळ्यांचा आवाज ऐकून धावत गेली, प्रेतांच्या ढिगातून नवऱ्याला शोधलं. रात्री आठपासून कर्फ्यू, त्यामुळे उचलून न्यायला कोणी यायला तयार नाही, मग ती रात्रभर तिथेच बसली, हातात बांबूची काठी घेऊन, कुत्र्यांना हाकलत, आजूबाजूला जखमी पाणी मागतायत. ही तिने स्वतः काँग्रेसच्या चौकशी समितीसमोर दिलेली साक्ष आहे. त्या समितीत गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. पुण्याचे लोक असले की मी म्हणतो, विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय माहितीये ना, तेच जयकर, विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, त्यांच्यापुढे लोकांनी हे सांगितलंय. हे ऐकलं की चुळबुळ थांबते. लांब पंजाबात कुणालातरी झालेलं एकदम आपल्या ओळखीच्या माणसाच्या वहीत लिहिलेलं होतं ना.

दुसरी गोष्ट, आत शिरलो की मी बोलत नाही. बाहेरच सांगतो, आत पंचेचाळीस मिनिटं आहेत, मी विहिरीपाशी उभा आहे, हवं ते करा, फोटो काढायचे असतील तर पहिल्या पाच मिनिटांत काढून घ्या आणि मग फोन खिशात. "काढू नका" म्हटलं की चोरून चाळीस मिनिटं काढतात, "आधी काढून घ्या" म्हटलं की पाच मिनिटांत काम संपतं, मग हात रिकामे होतात आणि डोळे उघडतात. कुणी कुठे थांबायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. बहुतेक लोक भिंतीपाशी थांबतात. एकदा एक काकू संपूर्ण वेळ त्या बोळीच्या तोंडाशी, आतल्या बाजूला, सैनिक उभे होते तिथे उभ्या होत्या, म्हणाल्या इथून किती जवळ दिसतंय हो सगळं.

तिसरं, हातांना काम. हे मी दिल्लीत शिकलो. इंडिया गेटजवळचं राष्ट्रीय युद्ध स्मारक, २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं. तिथे त्यागचक्रात ग्रॅनाइटच्या छोट्या छोट्या पाट्यांवर स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या जवानांची नावं आहेत, पंचवीस हजारांच्या वर, गोल गोल भिंती चक्रव्यूहासारख्या. पहिल्यांदा नेलं तेव्हा लोक एक चक्कर मारून "झालं" म्हणून बाहेर. एवढी नावं बघून डोळे दमतात, मग माणूस काहीच वाचत नाही. पुढच्या वेळी मी फक्त म्हटलं, मराठा लाइट इन्फंट्रीचं एक नाव शोधा, आणि ते सगळ्यांना वाचून दाखवा. काय सांगू तुम्हाला. सातारकडचे, कोल्हापूरकडचे, कोकणातले, "हे बघा शिंदे", "हे पाटील", "आमच्याकडचेच असणार", बोट ठेवून वाचतायत, अक्षरावरून हात फिरवतायत. साताऱ्याकडच्या एका ताई होत्या, त्यांना त्यांच्या माहेरच्या गल्लीतल्या मुलाचं नाव सापडलं, शोधत नव्हत्या, अचानक सापडलं. त्या तिथेच खाली बसल्या. त्या ग्रुपमध्ये शाळकरी पोरं होती सहा, एकानेही दंगा केला नाही, आणि मी एक शब्द बोललो नव्हतो. वॉशिंग्टनला व्हिएतनाम युद्धाची काळ्या ग्रॅनाइटची भिंत आहे, १९८२ ची, माया लिन नावाच्या विद्यार्थिनीचं डिझाईन, तिथे लोक कागद ठेवून पेन्सिलने नाव उमटवून घरी नेतात. तुमच्यापैकी कुणाची मुलं तिकडे असतील तर त्यांनी केलंही असेल. तेच तत्त्व. दिल्लीत संध्याकाळी रोज एका जवानाचे कुटुंबीय येऊन पुष्पचक्र वाहतात, तो छोटा कार्यक्रम शक्य असेल तर चुकवू नका, त्यानंतर कुणाला कसं वागायचं हे सांगावं लागत नाही.

अंदमानचं मात्र मला थोडं वेगळं म्हणायचंय, आणि ते आपल्याच लोकांना लागेल. सेल्युलर जेलमध्ये मराठी ग्रुप कसा वागतो? सावरकरांच्या कोठडीपाशी उत्तम. चपला काढतात, डोकं टेकवतात, कुणाचा तरी गळा भरून येतो, गाणं होतं, मागचे पर्यटक सुद्धा थांबून ऐकतात. मी पंचवीस वेळा बघितलंय, अजून अंगावर काटा येतो. आणि मग? मग जिना उतरतात आणि संपलं, चला, जेल बघून झालं. खाली कोलूचा, म्हणजे तेलाच्या घाण्याचा, देखावा आहे, जिथे माणसाकडून रोजचं ३० पौंड खोबरेल काढून घ्यायचे, तिथे हेच लोक कोलू फिरवल्याची पोझ देतात. फाशीघरात दोराला हात लावून "घालू का गळ्यात" म्हणणारा माझ्याच ग्रुपमधला सद्गृहस्थ, अर्ध्या तासापूर्वी वर ढसाढसा रडलेला. ढोंगी होता का? अजिबात नाही. वर त्याला कोण होतं ते माहीत होतं, खाली माहीत नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं. तिथेच शिक्षा भोगलेले बंगालचे क्रांतिकारक, उल्लासकर दत्त त्याला माहीत नव्हता, बारींद्र घोष माहीत नव्हता. मधल्या मनोऱ्यात संगमरवरावर नावांच्या याद्या आहेत, बंगाली ग्रुप तिथे तासभर असतो, एकेक नाव वाचत, आणि आपले लोक तिथून टॉयलेट विचारत पुढे जातात. बंगाल्यांचंही उलट तेच होतं म्हणा.

म्हणून हल्ली मी उलटा क्रम लावतो. आधी खाली, कोलू, फाशीघर, मग याद्या, मग एखादी उघडी कोठडी असेल तर तिच्यात एकेकट्याने जायचं आणि साठ आकडे मोजायचे. साडेतेरा फूट बाय साडेसात फूट. कडी दारावर नाही, बाहेर बाजूच्या भिंतीत खोबणी करून लांब बसवलेली, आतून हात पोचूच नये म्हणून. झरोका डोक्याच्या खूप वर. आणि सातही इमारती अशा रचलेल्या (आता तीनच उरल्यात) की कोठडीच्या दारातून समोरच्या इमारतीची पाठ दिसावी, माणूस दिसू नये. हे साठ सेकंद झाले की मग सगळ्यात शेवटी तिसऱ्या मजल्यावर सावरकरांच्या कोठडीत. तेव्हा कळतं की सख्खा भाऊ बाबाराव त्याच तुरुंगात असून भेट का होत नव्हती. वेळ तेवढाच लागतो, तिकीट तेवढंच, पण त्या क्रमाने नेलेल्या ग्रुपमधल्या कुणीही दोराशी चाळा केलेला मी बघितला नाही.

क्रमाचा हा धडा मला बर्लिनने दिला. तिथलं हिटलरच्या राजवटीत मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक, म्हणजे शहराच्या मधोमध राखाडी काँक्रीटचे २७११ ठोकळे, कमी-जास्त उंचीचे, ना नाव ना पाटी ना दरवाजा. २००५ ला खुलं झालं. आमचे लोक उतरले की पहिला प्रश्न, "हे काय, दफनभूमी आहे का?" आणि दुसऱ्या मिनिटाला पोरं लपाछपी खेळायला लागतात, कारण खरं सांगायचं तर लपाछपीला ती जागा झकासच आहे. ठोकळ्यांवरून उड्या मारू नका वगैरे नियम लिहिलेत, पण ते पायाखाली जमिनीत बसवलेत, कोण वाचतंय. आणि गंमत म्हणजे ज्याने ते बांधलं तो पीटर आयझेनमन, त्याने तेव्हाच सांगितलेलं की लोक इथे डबे खातील, मुलं पकडापकडी खेळतील, मॉडेल येऊन उभ्या राहतील, आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. मग २०१७ ला शहाक शपिरा नावाच्या एका माणसाने तिथे काढलेले लोकांचे सेल्फी घेतले आणि मागचे ठोकळे काढून तिथे छळछावणीतली प्रेतं जोडून ते नेटवर टाकले. जगभर बोंब झाली, काहींनी माफी मागितली, त्याने मग ते फोटो काढून टाकले. मला ते बघून वाटलं, माझ्या बागेतल्या भांडणाचीच ही मोठी आवृत्ती. लाज वाटली असेल पोरांना, पण त्यांना तिथे काय झालंय ते कळलं का?

त्याच ठोकळ्यांच्या खाली तळघरात माहिती केंद्र आहे, तिथे मारल्या गेलेल्या लोकांची पत्रं, डायरीतली पानं जमिनीत उजळलेल्या काचेखाली ठेवलीत, वाचायला मान खाली घालावी लागते. मी आधी खाली न्यायला लागलो, मग वर सोडायचो. तीच पोरं वर आली की ठोकळ्यांमधून चालायची, एकट्याने. पोलंडमध्ये आउशवित्झच्या नाझी छळछावणीत, जिथे आता म्युझियम आहे, तर हे सगळं पक्कंच आहे, गाईडचा हळू आवाज कानातल्या हेडफोनमध्ये, त्यामुळे शेकडो माणसं असून आवाज नाही, फोटो काढायला परवानगी आहे पण केसांचा ढीग ठेवलेल्या खोलीत नाही, आणि १४ वर्षांखालच्या मुलांना आणू नका असं ते स्वतःच सांगतात. तरी रेल्वेच्या रुळांवर तोल सांभाळत चालण्याचे फोटो लोक काढतातच, म्युझियमला २०१९ मध्ये तसं करू नका म्हणून जाहीर सांगावं लागलं. म्हणजे युरोपातले लोक शिस्तीचे आणि आपले गावंढळ हा जो सूर असतो ना, तो सोडून द्या. रुळ दिसला की माणूस त्यावर चालतो, पोलंड असो की परळ.

आणि शिस्तच बघायची असेल तर ६ डिसेंबरला दादरला या. लाखो माणसं, विदर्भ-मराठवाड्यातून रात्र-रात्र रेल्वेने आलेली, चैत्यभूमीसाठी तासन्‌तास रांगेत, पोरं कडेवर. शांतता असते का तिथे? छे, गाणी आहेत, घोषणा आहेत, गर्दीचा कल्लोळ आहे. पण शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल बघा, दोन दिवस वडापाव खाऊन राहिलेला माणूस शंभर-दोनशेची पुस्तकं घेऊन जातो. ह्या लोकांना कुठल्या पाटीवर लिहून सांगावं लागत नाही कसं वागायचं, कारण ते बघायला आलेले नाहीत, घरच्या माणसाकडे आलेत. याउलट हुतात्मा चौक. १०६ हुतात्मे म्हणत आपण मोठे झालो, मशाल धरलेला शेतकरी आणि कामगार, रोज किती हजार मराठी माणसं तिथून चर्चगेटकडे जातात. मी तिथे फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळायला अर्धं आयुष्य थांबलोय आणि स्मारकापाशी नावं वाचायला कितीदा? दोनदा. मीही त्यातलाच. कुणी सेल्फीसुद्धा काढत नाही तिथे, आणि खरं सांगू, ते बघून मला विहिरीपाशी फोटो काढणारं जोडपं बरं वाटतं. ते निदान आलं होतं.

तुम्ही बोलायला हवं होतं का? ओरडायला नाही. एक युक्ती सांगतो, बहुतेक वेळा चालते. जवळ जायचं आणि म्हणायचं, "मी काढून देऊ का फोटो?" काढून द्यायचा, मोबाईल परत देताना सहज म्हणायचं, "ह्या विहिरीतून १२० प्रेतं काढली म्हणतात, पलीकडच्या भिंतीवर गोळ्यांच्या खुणा आहेत, बघितल्या का?" दहातली सात-आठ जोडपी सरळ भिंतीकडे जातात. दोन-तीन पुढची पोझ देतात, देऊ दे.

आणि लेकीला सांगा की तिला प्रश्न पडला यातच तिने बाग बघितली. पुढच्या वेळी नेलंत तर दरबार साहिबहून थेट जाऊ नका, मधे हॉटेलवर या, जमलं तर सकाळी लवकर बाग उघडल्या उघडल्या जा, तेव्हा बोळीत गर्दी नसते आणि आपल्याच पावलांचा आवाज ऐकू येतो. रतनदेवींची साक्ष आदल्या रात्री वाचून दाखवा. आणि हो, कुलचा आधी खाऊन घ्या.